मूत्रपिंडातील सुताचे गुंडे



या सदराचा मजकूर या खेपेस आम्ही आयर्लंडची राजधानी डब्लिन येथून लिहीत आहोत. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून येथे असतो. त्याच्या बिऱ्हाडी आम्ही दोन महिन्यांसाठी आलो, ते सहलीला म्हणून नव्हे. त्याच्या मूत्रपिंडाचा एक बारीकसा तुकडा सुईने काढून तपासावयाचा होता, आणि तिकडे अशदोदला त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला विमानाचा प्रवास झेपत नाही, म्हणून मावशीची रवानगी झाली.

भाच्याचे म्हणणे मात्र एकच होते. “मावशी, मला कुठे काही दुखत नाही. ताप नाही, जळजळ नाही. मग धडधाकट माणसाच्या पाठीत सुई कशाला खुपसायची?”

प्रश्न रास्त होता. झाले होते असे की, डोके जड वाटते म्हणून तो मोहल्ल्यातील डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रक्तदाब पाहिला, तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दीडशेवर. त्यांनी लगोलग मूत्राचा नमुना मागितला आणि त्यात रंगीत कागदाची पट्टी बुडविली. पट्टीने दोन गोष्टी दाखविल्या : मूत्रात रक्त आणि मूत्रात प्रथिन. डोळ्यांना यांतले काहीच दिसत नव्हते. मग डॉक्टरांनी विचारले, पूर्वी कधी लघवी लाल झाली होती काय? तेव्हा त्यास आठवले की, दोन वर्षांपूर्वी घसा धरला असता दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. आदल्या रात्री बीट खाल्ले म्हणून असेल, असे ठरवून तो गप्प बसला. चार दिवसांत रंग निवळला आणि गोष्ट विसरली गेली.

आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. परंतु त्याच्यासोबत रुग्णालयात जाऊन जे ऐकले, वहीत टिपून घेतले आणि नंतर पुस्तकांशी ताडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. सतराव्या शतकात इटलीतील माल्पिगी या शास्त्रज्ञाने ते सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले. या गुंत्यास वैद्यकात ‘ग्लोमेरुलस’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सुताचा लहानसा गुंडा. मराठी ग्रंथांतून त्यास ‘केशिकागुच्छ’ असे भारदस्त नाव आहे, पण आम्हांस सुताचा गुंडाच अधिक आवडला. एकेक गुंडा जेमतेम एक पंचमांश मिलिमीटरचा. असे सर्व गुंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यांपैकी जवळजवळ सारे पुढच्या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र होऊन बाहेर पडते.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. गाळावयाचे फडके फाटले म्हणजे गाळ तेलात उतरतो, हे त्यांच्या घरातील पोरासही ठाऊक असे. मूत्रपिंडात प्रकार उलटा आहे. येथे टाकाऊ ते खाली गळावयाचे आणि मोलाचे ते वर रक्तातच राहावयाचे. रक्तपेशी आणि ‘अल्ब्युमिन’ नावाचे प्रथिन ही या गाळणीने अडवून धरली पाहिजेत. फडके विरले की तीच मूत्रातून वाहून जातात. पट्टीवर उमटलेले दोन रंग हे त्या विरलेल्या फडक्याचे चिन्ह होते. आणि दुखत का नाही? मूत्रपिंडाच्या बाहेरच्या आवरणास वेदना कळते, मुतखड्याने नळी तटली तर माणूस लोळू लागतो. पण आतल्या त्या गुंड्यांना वेदनेची जाणीवच नाही. ते मुकाट्याने विरतात. उरलेले गुंडे जादा काम ओढीत राहतात, त्यामुळे निम्मे सामर्थ्य गेले तरी रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा फारसा हलत नाही.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

अध्यापक विद्यालयातून पदविका घेऊन आम्ही अलिबाग तालुक्यातील एका शाळेत नुकतेच रुजू झालो होतो. चौथीचा वर्ग. त्यात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. पावसाळ्यात त्याच्या पायांवर खरूज होऊन ती चिघळली होती, पण त्या दिवसांत निम्म्या वर्गाच्या पायांची तीच अवस्था. भाद्रपदात एके सकाळी तो वर्गात आला तो पापण्या सुजलेल्या, चेहरा फुगलेला. गणपतीचे दिवस, रात्रभर आरत्या आणि नाच करून आला असेल असे आम्ही गृहीत धरले, आणि तो बाकावर डोके टेकून बसला म्हणून त्यास तासभर उभे केले. दोनदा त्याने बाहेर जाण्याची परवानगी मागितली. दुसऱ्यांदा आम्ही ती नाकारली. पुढे तीन दिवस तो आला नाही. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत येऊन सांगू लागली की, पोराची लघवी कोकमाच्या पाण्यासारखी होते, थोडी थोडीच होते, आणि त्यास जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात ठेवले आहे.

मुलगा बरा झाला. सहामाही परीक्षेस तो बसलाही. परंतु प्रशिक्षणात आम्हांस मुलांची नखे, दात, केस पाहावयास शिकविले होते. सकाळची सुजलेली पापणी कशी वाचावी, ते कोणी शिकविले नव्हते. त्या बाईने आम्हांस दोष दिला नाही, हे अधिक लागले.

त्या मुलास जो विकार झाला तो या गुंड्यांच्या रोगांपैकी सर्वांत जुना ओळखीचा. घशात किंवा कातडीवर स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंचा उपद्रव होतो, शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि जंतूंचे अंश व प्रतिद्रव्ये यांचे संयोग त्या गाळणीत जाऊन अडकतात. तेथे दाह सुरू होतो. घसा बिघडल्यावर एक ते दोन आठवड्यांनी आणि कातडीच्या जखमांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी हा प्रकार दिसतो, म्हणून मूळ कारण घरच्यांच्या विस्मरणात गेलेले असते. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात. प्रौढांची वाट तितकी सोपी नसते.

भाच्याचे दुखणे मात्र याहून निराळे, आणि तो भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. त्याची लघवी लाल झाली ती घसा धरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. एवढ्यावरून डॉक्टरांनी एका विशिष्ट रोगाचा संशय घेतला. १९६८ साली पॅरिस येथे बर्जे व अँग्ले या दोघा संशोधकांनी त्याचे वर्णन केले. घशाच्या व आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारे ‘आय.जी.ए.’ नावाचे एक प्रतिद्रव्य असते. काही माणसांत त्याची घडण किंचित बिघडलेली असते आणि ते गुंड्यांच्या मधोमध साचत जाते. जगभर या गुंड्यांच्या स्वतंत्र रोगांत हाच सर्वाधिक आढळतो. कित्येकांस तो जन्मभर त्रास देत नाही. काहींची मूत्रपिंडे वीस-तीस वर्षांत निकामी करतो. कोण कोणत्या वाटेने जाणार हे बरेचसे मूत्रातील प्रथिन किती आणि रक्तदाब किती यांवरून कळते, आणि खात्री करावयाची तर सुईवाचून गत्यंतर नाही.

सुईचे म्हणाल तर प्रत्यक्षात ते काम अर्ध्या तासाचे निघाले. त्यास पालथे निजविले, जागा बधिर केली, ध्वनिलहरींच्या यंत्रावर मूत्रपिंड पाहून बारीक सुईने शेवईच्या तुकड्याएवढा भाग काढला. नंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून सहा तास उताणे पडून राहावयाचे. तेच त्यास सर्वांत जड गेले. तो तुकडा तीन प्रकारच्या सूक्ष्मदर्शकांखाली पाहतात, कारण बाहेरून सारखे दिसणारे रोग आतून अगदी भिन्न असतात.

तो पडून होता त्या सहा तासांत आम्ही खिडकीबाहेरचा पाऊस पाहत बसलो. डब्लिनचा पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. तो दिवसभर कुरकुरतो. याच ओल्या हवेने येथील एका जुन्या वैद्यास चकविले असावे. १८२७ साली लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी दाखवून दिले की, अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांचे मूत्र तापविले असता अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे गोठते, आणि मृत्यूनंतर अशांची मूत्रपिंडे रोगट आढळतात. चमचाभर मूत्र मेणबत्तीवर धरणे, एवढीच त्यांची परीक्षा. डब्लिनचे जोनाथन ऑस्बोर्न यांनी १८३५ साली या सुजेवर ग्रंथ लिहिला. गोठणाऱ्या मूत्राचे महत्त्व त्यांनी ओळखले, पण मूळ दोष त्यांनी अडलेल्या घामाकडे दिला : गारठ्याने घाम बंद होतो आणि भार मूत्रपिंडावर पडतो. उपाय अर्थातच घाम आणणे. आज आपण हसू. पण थंडीत घसे बिघडतात आणि घशामागून हा रोग येतो, हे लक्षात घेता त्यांचे निरीक्षण वाया गेले असे म्हणवत नाही.

दुसरा आयरिश गृहस्थ आपल्याला अधिक जवळचा. लिमरिक गावी जन्मलेले विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी १८३१ साली इंग्लंडात आलेल्या पटकीच्या साथीत रुग्णांचे रक्त तपासले. त्यांतील पाणी व क्षार घटल्याचे त्यांनी सिद्ध केलेच. शिवाय ज्यांचे मूत्र बंद पडले होते त्यांच्या रक्तात युरिया साठल्याचेही नोंदविले. मूत्रपिंड थांबले की त्याचा कचरा रक्तात तुंबतो, हे कळण्याच्या वाटेवरचे ते एक पाऊल. हेच ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्यास गेले, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले आणि पुढे कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास यांना जोडणारे तारायंत्र त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले. आमच्या वडिलांची पिढी ज्या तारेने सुखदुःखाच्या बातम्या कळवी, ती या लिमरिकच्या वैद्याची!

आता इतर प्रकारांविषयी थोडे.

या रोगांची तोंडवळ्यावरून दोन कुळे पडतात. एकात रक्त अधिक जाते, लघवी गडद व थोडी होते, रक्तदाब चढतो. अलिबागच्या त्या मुलाचा प्रकार तो. दुसऱ्यात प्रथिन फार जाते, दिवसास साडेतीन ग्रॅमहून अधिक. लघवीवर साबणासारखा फेस येतो, तो विरत नाही, आणि पाय व पापण्या सुजतात. लहान मुलांत या दुसऱ्या कुळातील जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गुंडे जवळजवळ निर्दोष भासतात. स्टेरॉइड औषधाने सूज सहसा भराभर ओसरते, पण पुनःपुन्हा उलटते. आईबापांनी तेथे धीर सोडू नये आणि औषध आपल्या मनाने बंदही करू नये.

प्रौढांत दुसऱ्या कुळातील एक प्रकार असा की, गाळणीच्या पडद्यावरच प्रतिद्रव्ये चिकटून तो जाड होतो. पुष्कळ रुग्णांत शरीर स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध उठलेले असते, हे २००९ साली उलगडले. काहींत मागे कर्करोग दडलेला निघतो, काहींत कावीळ ‘ब’. आणि काहींत निघतो तो गोरेपणाचा मलम! अलीकडे केरळ व महाराष्ट्रातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदविले आहेत की, ज्यांच्या चेहऱ्यास लावावयाच्या मलमात पारा होता. कातडीतून तो रक्तात गेला आणि गाळण्या बिघडल्या. मलम थांबविल्यावर अनेकांची मूत्रपिंडे सावरली. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांकरवी असल्या डब्या मागविणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. पारा घातलेली काही भस्मे आणि सांधेदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या याही निर्दोष नाहीत.

तरुण स्त्रियांत सांधे दुखणे, गालांवर लाल चट्टे आणि मूत्रात प्रथिन ही एकत्र आली तर ल्युपस या रोगाचा विचार करतात. आईकडून मुलग्यांकडे येणारा, मूत्रात रक्त आणि पुढे बहिरेपणा आणणारा आल्पोर्टचा रोग हा या गुंड्यांच्या विणीतीलच जन्मजात दोष आहे. कुटुंबात मामा लवकर बहिरा होऊन मूत्रपिंडाने गेला असेल तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. इस्रायलमधील आपल्या शेजाऱ्यांत, विशेषतः उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांत, वारंवार ताप व पोटदुखी आणणारा एक आनुवंशिक रोग आढळतो. पूर्वी त्यातून मूत्रपिंडात मेणासारखे प्रथिन साचून माणसे दगावत. १९७२ पासून कोल्चिसिन हे औषध त्यावर उपयोगात आले आणि ते चित्र पालटले. आणि संख्येने पाहिले तर या गुंड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मधुमेह. तो घरोघरी आहे, म्हणून त्याकडे रोग म्हणून पाहावयाचेच आपण विसरलो आहोत.

एक प्रकार असा आहे की तो वर्षे नव्हे, आठवडेच देतो. शरीरातील पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडतात. नाकातून रक्त, खोकल्यातून रक्त, अंग गळून जाणे, आणि पाहता पाहता मूत्रपिंडे बंद. यास व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजशी संलग्न मूत्रपिंड केंद्र याच अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. तेथे अशा दुर्मीळ रुग्णांची नोंदवही आणि त्यांच्या रक्तमूत्राचे नमुने जपून ठेवतात. ‘सीडी-१६३’ नावाचे एक प्रथिन मूत्रात वाढले असता रोग मूत्रपिंडात जागा झाला आहे हे ओळखता येते, असे तेथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. मेणबत्ती गेली, पण चमचाभर मूत्र अजून आहेच.

मूत्रपिंडे अगदीच गेली तर? या बेटावर त्याही बाबतीत मोठे कार्य झाले. बेलफास्ट येथे १९५९ साली डॉ. मॉली मॅकगोन या बाईंनी कृत्रिम मूत्रपिंडाचा विभाग सुरू केला. पुढे रोपण झालेल्या रुग्णांस त्या काळच्या रिवाजाहून पुष्कळ कमी स्टेरॉइड देऊन त्यांनी जे यश मिळविले, त्याची जगभर दखल घेतली गेली. डब्लिनमध्ये आयर्लंडचे पहिले मूत्रपिंडरोपण १९६४ साली जर्व्हिस स्ट्रीटवरील रुग्णालयात झाले. १९८७ साली ते रुग्णालय उत्तरेकडील नव्या बोमाँट रुग्णालयात सामावले. जुन्या जागी आता कपड्यांचा मोठा बाजार भरतो. सुनेसोबत मोजे घ्यावयास आम्ही तेथे गेलो होतो, तेव्हा हे ठाऊक नव्हते.

भाच्याचा निकाल दहा दिवसांनी आला. आय.जी.ए.चाच रोग, काही गुंड्यांवर व्रण आहेत, बहुसंख्य शाबूत आहेत. रक्तदाब उतरविणारी आणि त्याबरोबरच प्रथिनाची गळती रोखणारी गोळी सुरू झाली. मधुमेहासाठी निघालेल्या औषधांपैकी एक मूत्रपिंडासही उपकारक ठरले आहे, तेही दिले. प्रथिन पुरेसे न उतरल्यास आतड्यात विरघळणारे खास स्टेरॉइड आहे. बरा होईल काय, असे बहिणीने फोनवर तीनदा विचारले. बरा होणे म्हणजे रोग नाहीसा होणे असेल तर नाही. त्याची चाल इतकी मंद करता येते की माणसाचे आयुष्य त्याआधी सुखाने पुरे व्हावे, असे डॉक्टरांनी सांगितले, तेच आम्ही तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी त्याने मला लघवीचं सांगितलं होतं गं. मीच म्हटलं, बीट असेल.”

तिला काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही. आम्ही तिला अलिबागच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. तीस वर्षांत ती आम्ही बहिणीसही कधी सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी पथ्य एकच कडक सांगितले आहे : मीठ. आपल्या घरी मांस मीठ लावून धुण्याची रीत आहे, त्यामुळे मीठ न घालता शिजविलेल्या मांसातही ते काही अंशी राहतेच. म्हणून ते भरपूर पाण्यात पुन्हा धुवावे आणि रश्शात वरून मीठ टाकू नये, असे ठरले. सुके बोंबील, लोणचे यांस रजा. किप्पूरच्या उपासाचे मात्र त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावयाचे आहे, कारण चालू असलेल्या गोळ्या आणि निर्जल उपास यांचे जमत नाही.

ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, ज्यांच्या घरी कोणाचे मूत्रपिंड बिघडलेले आहे, किंवा ज्यांच्या लघवीवर रोज फेस राहतो, त्यांनी सकाळच्या पहिल्या मूत्रातील अल्ब्युमिनची तपासणी आपल्या कुपात होलीमच्या डॉक्टरांकडे मागून घ्यावी. नुसते क्रिएटिनिन पाहून समाधान मानू नये. मुलाच्या पापण्या सकाळी सुजलेल्या दिसल्या तर गेल्या दीड महिन्यात त्याचा घसा किंवा कातडी बिघडली होती काय, ते आठवून पाहावे.

भाच्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. आम्ही पुढच्या आठवड्यात परत येत आहोत. अशदोदहून त्याच्यासाठी आणलेले उडदाच्या पापडांचे दोन पुडे मात्र आमच्याच पेटीतून परत येतील.